चिखलाची वरची बाजू

२ फेब्रुवारी

घुम्या,

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर "बोल" म्हणतोस आणि फोन कुठल्यातरी फळीवर ठेवून देतोस. मला नुसता वारा ऐकू येतो. म्हणून लिहिते आहे. न वाचता जाळायचं असेल तर निदान उठून चुलीपर्यंत जावं लागेल.

अक्षराला हसू नकोस. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, आणि त्यानंतर मी फक्त बाटल्यांवर आकडे लिहिलेत. नाही लागलं तर सूनबाईकडून वाचून घे.

तिला दिवस गेलेत हे मला तिच्या आईकडून कळलं. तेही सहावा लागल्यावर. आजी मी होणार आणि बातमी मला तिसऱ्या घरून. बरं, ते राहू दे. नर्स काय म्हणाली तेही विहीणबाईंनीच सांगितलं. पायांना सूज आहे, ब्लडप्रेशर चढलंय, आणि तुमच्या विहिरीचं पाणी इतकं खारं झालंय की ते पिऊ नका म्हणून ती बजावून गेली. मग प्यायचं काय, तेही सांगून गेली का? टँकर आला तर आला, नाही आला तर तुम्ही दोघं पुन्हा त्याच विहिरीवर.

मागच्या वेळी सातव्यातच झालं. पोर रडलंच नाही. तुला आठवण करून द्यायची गरज नाही हे मला माहीत आहे, तरी देते. त्या दिवशी मी म्हटलं की हे तळं मेलं ते मेलं, आता तुझी पोरं खायला बसलंय. त्यावरून तू मला दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवून दिलंस. बोलले ते बोलले. त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही.

तळं आटून चौथं वर्ष चाललंय. होड्या बांधणाऱ्याने कोरड्या तळ्याच्या काठी बसून काय करायचं असतं, ते मला एकदा समजावून सांग. विहीणबाई म्हणतात, तू अजून बाबांच्या होड्यांवर रोज ओली पोती टाकतोस, लाकूड सुकून फटी पडू नयेत म्हणून. घरात प्यायला पाणी नाही आणि होड्यांना अंघोळी. असा माणूस मी जन्माला घातला यावर माझा विश्वास बसत नाही, पण नाक माझंच आहे तुझं.

माझी खोली एकच आहे. संडास-न्हाणी समोरच्या बिऱ्हाडाबरोबर आहे आणि ते लोक आत गेले की बाहेर येत नाहीत. पण नळाला गोडं पाणी आहे. दवाखाना कोपऱ्यावर आहे. खाट तुम्हाला, मी नाहीतरी खालीच झोपते, पाठीला बरं पडतं.

या. नाहीतर तिला एकटीला पाठव.

आई


१९ फेब्रुवारी

घुम्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "तुझी बाई समुद्राचा चिखल बघून पाऊस सांगते ना, मग विचार तिला आमच्याकडचा कधी परत येतोय."

टोमणा आहे हे मला कळतं. आई शहरात चिखल धुवायला गेली म्हणून तू आधीपासूनच हसतोस. पण मी खरंच विचारलं. मला टोमणे मारताना जपून मारत जा.

आधी आमचं काम काय ते ऐक, म्हणजे पुढचं कळेल. जहाजावरून समुद्राच्या तळात लांब नळ्या ठोकतात आणि चिखल भरून वर काढतात. वरचा चिखल अलीकडचा, खालचा जुना. नळीभर चिखल म्हणजे हजारो वर्षं. त्या नळ्या आमच्या थंड खोलीत फळ्यांवर आडव्या ठेवलेल्या असतात. आत जाताना जाड कोट घालावा लागतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण सवय होते. मी ज्यांच्या हाताखाली आहे त्या बाई सांगतील तिथला चिमूटभर चिखल मी बारीक चाळणीवर घेते आणि पाणी मारते. चिखल वाहून जातो, खाली साखरेपेक्षा बारीक शिंपले उरतात. ते सुकवून बाटलीत भरायचे. बाई मग भिंगाखाली ओल्या ब्रशने एकेक शिंपला उचलतात आणि त्यावरून सांगतात की तेव्हा समुद्र गार होता की गरम, पाऊस जास्त होता की कमी. दिवसभर मान खाली. माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत पण मान माझ्यापेक्षा म्हातारी झालीय.

मी विचारलं, "बाई, आमच्या गावचा पाऊस कुठे गेला?"

त्यांनी डोळा भिंगावरून काढला नाही. म्हणाल्या, "कधीचा पाऊस, मावशी?"

"चार वर्षांपूर्वीचा."

"चार वर्षांचं मला काही कळत नाही. बारा हजार वर्षांपूर्वीचं विचारा."

"तेव्हा मी नोकरीला नव्हते," मी म्हटलं. मग हसल्या आणि खुर्ची वळवून बसल्या. मी फडकं हातातच धरून ऐकलं.

तर ते असं आहे. समुद्राचं पाणी एका जागी बसून नसतं. आपल्या बाजूचं गरम पाणी वरवरून पार उत्तरेकडे जातं. तिथे ते गार होतं, खारं असल्यामुळे जड होतं, आणि बुडतं. तळातून परत फिरतं. ते बुडलं की त्याच्या जागी मागचं ओढलं जातं. रहाट चालतो तसं चाललेलं असतं. या रहाटाबरोबर ऊन इकडून तिकडे जातं, आणि पावसाचा पट्टा त्याच्या जागी राहतो. मग त्या काळी उत्तरेचा बर्फ वितळला आणि सगळं गोडं पाणी समुद्रात आलं. गोडं पाणी हलकं, ते बुडेना. रहाट अडला. उत्तर गारठली आणि आपल्यासारख्या गरम मुलखातला पाऊस सरकून खाली दक्षिणेला गेला. जिथे पडायचा तिथे पडेना. तळी आटली.

मी म्हटलं, "मग परत कधी आला?"

"हजार वर्षं गेली, थोडी जास्तच."

"आणि जायला किती लागली?"

"जाताना मात्र फार वेळ लागला नाही. आजोबाने भरलेलं तळं बघितलं असेल आणि नातवाने कोरडं, इतकंच."

मी विचारलं, आता तसंच झालंय का? तर म्हणतात, "माहीत नाही. रहाट मंद होतोय का ते सगळे बघताहेत. तुमच्या तळ्याचा त्याच्याशी संबंध असेल किंवा नसेलही. चार वाईट वर्षं नुसतीच वाईट असू शकतात, मावशी."

एवढं शिकून हे उत्तर. पण खोटं बोलत नव्हत्या, ते तोंडावर दिसत होतं.

तुला विचारायचं होतं ना, मी विचारलं. आता माझं ऐक. तिला घेऊन ये.

आई


७ मार्च

घुम्या,

या खेपेला पानभर लिहिलंस. मी दोनदा वाचलं, एकदा कामावर आणि एकदा घरी, आणि घरी वाचताना दूध उतू गेलं.

तू लिहितोस, बाबा म्हणायचे की त्यांच्या पणजोबाच्या आधीही तळं एकदा आटलं होतं आणि परत भरलं. तुला ते खरं की गोष्ट ते बघायचंय. तू तळ्यातला चिखल पाठवणार, बाईंनी तो वाचायचा. तळं आटून लवकर परत भरलं असं निघालं तर तू थांबणार. आटलं ते आटलंच असं निघालं तर होड्या तशाच सोडून तिला घेऊन इकडे येणार. "तुझ्या शब्दावर नाही, चिखलाच्या शब्दावर." बरं बाबा. माझ्यापेक्षा चिखलाला मान जास्त. पण तू काहीतरी कबूल केलंस, एवढ्यावर मी खूश आहे.

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या तळ्याचा चिखल हा माझा विषय नाही, पण बघीन. मी म्हटलं बघाच.

आता नीट वाच. धक्क्याजवळचा चिखल घेऊ नकोस. तिथे तुम्ही पिढ्यानपिढ्या होड्या ओढल्यात, सगळं उलटंपालटं झालेलं असणार. मधोमध जा, बुडक्या खडकाच्या पुढे, जिथे सगळ्यात शेवटी पाणी होतं. जाड प्लास्टिकचा पाईप घे, तोंडावर फळी ठेव आणि वरून हातोडा मार. सरळ गेला पाहिजे. मग भोवती खणून काढ, ओढू नकोस, ओढलास तर खालचा चिखल निसटतो. दोन्ही तोंडांना फडकं कोंब आणि वर प्लास्टिक बांध. सुकू देऊ नकोस. उन्हात ठेवू नकोस.

आणि सूनबाईला त्या उन्हात सोबत नेऊ नकोस. ती येते म्हणाली तरी.

लवकर कर. सातवा लागला.

आई


२४ मार्च

घुम्या,

पार्सल पोचलं. मी स्वतः जाऊन आणलं, गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन बसमधून. शेजारच्या बाईने विचारलं काय आहे, मी म्हटलं तळं आहे. ती उठून पुढे जाऊन बसली.

तू मेहनत केलीस ते दिसलं. पाईप असा पुसलायस की आमच्याकडच्या नळ्या लाजतील. पण अरे, तीन तुकडे केलेस. बसवाला लांब पाईप घेईना म्हणून, हे मला कळलं. तेही चाललं असतं. चिठ्ठीत लिहितोस, "वरचा भेगा पडलेला थर आणि मुळं काढून टाकली, बाईंना घाण कशाला द्यायची. टोकं चाकूने सपाट केली." पाहुण्याला ताटात वाढतात तसं वाढलंस. तुझ्या बाबांचीही हीच खोड, मासळीसुद्धा धुऊनपुसून बाजारात न्यायचे.

मी तुकडे टेबलावर ठेवले. बाई आल्या, हातमोजे घातले आणि पहिला प्रश्न विचारला.

"मावशी, वरची बाजू कोणती?"

मी तुकडे फिरवून बघितले. तिन्ही सारखे, सहाही तोंडं सारखी. सगळीकडे तेच निळं फडकं.

आमच्याकडे नळी जहाजावर आली की कोणी श्वास घ्यायच्या आधी तिच्यावर बाण काढतात. वर कुठे, ते दाखवणारा. मीही रोज काढते. पाईप दुभागला की दोन्ही भागांवर बाण, तुकडा पडला की तुकड्यावर बाण. तुला हातोडा सांगितला, फडकं सांगितलं, ऊन सांगितलं आणि बाण सांगितला नाही. चप्पल पायात घालायची असते असं कोणी कोणाला सांगतं का? आता यात चूक कोणाची, ते समोरासमोर बसून भांडू. लांबून मजा नाही.

नळ्या चिरणाऱ्या आमच्या करवतवाल्याने तिन्ही तुकडे उभे चिरले. आतून फार सुंदर निघाले. खरंच सांगते, इतकी वर्षं त्या तळ्यावर राहिले पण पोटात हे असेल असं वाटलं नव्हतं. काळे पट्टे आहेत, ते पाणी भरपूर असतानाचे. पांढरे आहेत, ते चुन्याचे आणि मिठाचे, तळं आटतानाचे. एका तुकड्यात खालून वर बघत गेलं की पांढऱ्यावरून हळूहळू काळं होत गेलंय. म्हणजे पाणी परत आलं. आणि तोच तुकडा उलटा धरला की काळ्यावरून पांढरं होत जातं. म्हणजे पाणी गेलं.

बाईंनी तो तुकडा एकदा असा ठेवला, एकदा तसा ठेवला. मग खुर्चीत बसल्या.

मी विचारलं, दुसरा काही उपाय? तर आहे म्हणाल्या. दोन्ही टोकांचं वय काढता येतं. नमुना बाहेर पाठवायचा, तिकडे रांग असते, उत्तर यायला कित्येक महिने. मी म्हटलं, "बाई, पोर मेमध्ये आहे."

मग मी विचारलं, आत्ताचा दुष्काळ यात कुठे दिसतो ते तरी दाखवा. म्हणाल्या, "चार वर्षांचा थर केसाएवढाही नसतो. आणि होता तो तुमच्या मुलाने फेकलेल्या भागात असणार."

ऐकलंस? तुझे बाबा गेले, पोर गेलं, माणसं घरं सोडून गेली, आणि हे सगळं केसाएवढंही नाही.

आठव. पाईप कापताना कुठलं टोक कुठे होतं? कापल्यावर कसे ठेवलेस? लगेच कळव.

आई


५ एप्रिल

घुम्या,

"आठवत नाही. होडीत टाकले होते, ऊन सरकलं तसे सावलीत सरकवले." ठीक आहे. मी असते तर मलाही आठवलं नसतं.

मग मी जे केलं ते सांगते, कारण ते तुला कोणाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळलेलं बरं. मी बाईंकडे गेले आणि म्हटलं, तुमच्या कागदावर, तुमच्या सहीने दोन ओळी लिहून द्या की तळं संपलं, पाऊस परत येणार नाही.

त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, मावशी."

"मलाही माहीत नाही. पण माझ्या तोंडाचं तो मानत नाही, तुमच्या कागदाचं मानेल."

"आणि पुढच्या वर्षी पाऊस पडला तर?"

"तर नातवंड जिवंत असेल आणि शिव्या मी खाईन. तुमचं नाव सांगणार नाही."

"नाव तर कागदावरच असेल ना."

"बाई, मस्करी नका करू."

त्या मस्करी करत नव्हत्या. उठून नळाशी गेल्या, हात धुतले. धुतलेलेच होते, परत धुतले. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आम्ही एकदा खोटी सही केली की आमचं खरंही कोणी ऐकत नाही. आधीच कोण ऐकतंय." मग तुझा नंबर मागितला. मी मुलाशी बोलते म्हणाल्या, पाण्याचं सांगते, सुजेचं सांगते. तीन वेळा लावला. अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, आणि ओळखीचाही उचलत नाहीस, हे मी त्यांना सांगितलं. शेवटी म्हणाल्या, जे खरं आहे ते लिहून देऊ का, की या चिखलावरून काही सांगता येत नाही? मी म्हटलं नको. ते वाचून तो आणखी पाय रोवील.

मग घरी येऊन मीच खोटं लिहायला बसले. चिखल बोलला, तळं संपलं, निघा. छान लिहीत होते. मध्येच लक्षात आलं की तू विचारणार, वरची बाजू कशी कळली? त्याला उत्तर सुचेना. सुचलं असतं तर हे पत्र तुला मिळालं नसतं, ते मिळालं असतं.

तेव्हा आता खरं ते ऐक. चिखलाला काही सांगता येत नाही. बाईंना सांगता येत नाही. बारा हजार वर्षांपूर्वी पाऊस का गेला ते त्यांना कळतं आणि येत्या पावसाळ्याचं कळत नाही, आणि यात त्यांचा काही दोष नाही. रहाट अडला असेल तर तू तो फिरवणार नाहीस. नुसतीच वाईट वर्षं असतील तर ती तू नसतानाही संपतील. तळ्याला तू काठावर बसलेला लागत नाहीस.

तिला लागतोस. आठवा आहे. अजून बसमध्ये बसता येईल. अजून थोड्या दिवसांनी नर्स बसू देणार नाही.

आई


२२ एप्रिल

घुम्या,

तुझं पत्र आलं. "बाई नाही म्हणाली नाही. म्हणजे अजून हो असू शकतं. मी थांबतो. जबरदस्ती करू नकोस, मी निघालो आणि मागे पाणी आलं तर मला जगता येणार नाही."

मी यावर बरंच काही लिहिलं होतं. ते पान वेगळं ठेवलं. चांगलं झालंय, समोर आले की वाचून दाखवीन.

खाली सूनबाईने पेन्सिलने लिहिलंय. तू ते बघितलंस की नाही मला माहीत नाही, म्हणून उतरवते. "आई, बांगड्या हातातून निघत नाहीत म्हणून कापून काढल्या. डोकं ठणकतं. नर्स म्हणाली आता प्रवास नको. तुम्ही यांच्यावर रागावू नका. हे एकटे राहिले तर जेवणार नाहीत, म्हणून मीच आधी निघाले नाही."

तिला मी काय बोलू? तू हट्टी आहेस, तुला शिव्या देता येतात. ती तुझ्या जेवणासाठी थांबलीय. तिला शिवीही देता येत नाही.

दोन दिवस मी थंड खोलीत जाऊन उभी राहत होते. काम काढून. कोट घालायचा, फळ्या पुसायच्या. पुसलेल्याच पुसायच्या. काय करायचं ते सुचत नव्हतं, आणि बाहेर कोणी विचारलं असतं तर मी रडले असते. मला रडताना बघितलं तर इथले लोक घाबरतील.

चिखलाला विचारून झालं, बाईंना विचारून झालं, तुला विचारून झालं, आता तिलाही. पुढे विचारत नाही. मी येते.

रजेच्या अर्जावर बाईंनी कारण न वाचता सही केली. किती दिवस ते लिहिलंच नव्हतं मी, त्यांनीही विचारलं नाही. समोरच्या बिऱ्हाडाने चार कॅन दिले, ते लोक वाटतात तेवढे वाईट नाहीत. कालपासून नळाला लावून भरते आहे. कंडक्टरने दोनच्या वर नाही म्हणून सांगितलंय, पण तो मला ओळखत नाही.

विहिरीचं पाणी तिने तोंडाला लावायचं नाही. अंघोळीला चालेल, प्यायला आणि स्वयंपाकाला नाही. कॅन संपले की मी टँकरच्या रांगेत उभी राहीन, मला ढकलून कोणी पुढे जात नाही. टँकर आला नाही तर काय, ते मला माहीत नाही. कळा लवकर सुरू झाल्या आणि नर्स नसली तर काय, तेही माहीत नाही. मागच्या वेळीही मी तिथेच होते, खोलीत, तिच्या उशाशी, आणि माझ्या असण्याने काही झालं नाही. तरी येते.

तू होड्यांवर पोती टाक हवी तर. मी काही बोलणार नाही. म्हणजे बोलेन, पण थांबवणार नाही.

शनिवारी दुपारच्या बसने पोचते. फाट्यावर हातगाडी घेऊन ये. कॅन जड आहेत, माझ्या एकटीने उचलणार नाहीत.

आई